माहीत सगळ्यांना, म्हणालं कुणीच नाही : अधिकृत निवेदनांचे इंग्रजी वाक्प्रचार

शाईपेन

‘ओपन सीक्रेट’चं मराठी आपण डोळे झाकून ‘उघड गुपित’ करतो. शब्दाला शब्द बरोबर बसतो, त्यामुळे कुणी त्यावर थांबत नाही. पण ब्रिटनच्या एमआय सिक्स या हेरखात्याकडे बघा. खातं १९०९ सालचं. त्याच्यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने आले, कादंबऱ्या आल्या, चित्रपट आले. तरी असं खातं आहे हे ब्रिटिश सरकारने संसदेत मान्य केलं ते १९९२ मध्ये, जॉन मेजर पंतप्रधान असताना. कायद्याचा आधार मिळायला १९९४ उजाडलं. तोवर ८० वर्षं उलटून गेली होती. या काळात ते माहीत नसलेला माणूस शोधावा लागला असता, पण सरकारातल्या कुणी ते स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं नव्हतं. ओपन सीक्रेट म्हणतात ते याला.

इंग्रजी बातम्या, अहवाल, चौकशी समित्यांची कागदपत्रं मराठीत आणणं हे माझं रोजचं काम. ते करताना एक मत पक्कं होत गेलं आहे, आणि ते इथे मांडायचं आहे. एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती कुणीतरी अधिकाराने बोलणं, या दोहोंत अंतर असतं. अधिकृत बोलण्याबद्दलचे बहुतेक इंग्रजी वाक्प्रचार नेमके या अंतरात राहतात. शब्दकोशात त्यांचा अर्थ मिळतो. पण बोललेल्याची जबाबदारी कुणावर येते आणि कुणावरून उतरते हे शब्दकोश सांगत नाही, आणि भाषांतरात सगळ्यात आधी तेच गळतं.

‘इकॉनॉमिकल विथ द ट्रुथ’ घ्या. ‘सत्याच्या बाबतीत काटकसर’ असं त्याचं भाषांतर वाचलं की वाटतं, कुणा मिश्कील लेखकाने केलेली कोटी असावी. प्रत्यक्षात हा वाक्प्रचार गाजला तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. नोव्हेंबर १९८६, सिडनीतलं न्यायालय. एमआय फाइव्ह या ब्रिटनच्या देशांतर्गत सुरक्षा खात्याचे निवृत्त अधिकारी पीटर राइट यांच्या आठवणींचं पुस्तक थांबवायला ब्रिटिश सरकार तिथे गेलं होतं. सरकारतर्फे साक्षीला उभे होते मंत्रिमंडळ सचिव सर रॉबर्ट आर्मस्ट्राँग, म्हणजे ब्रिटनच्या सनदी नोकरशाहीतले सर्वोच्च अधिकारी. उलटतपासणी घेत होते माल्कम टर्नबुल, जे पुढे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले. आर्मस्ट्राँग यांच्या एका जुन्या पत्रावर प्रश्न सुरू होते. पत्रात खोटं आहे ना, असं टर्नबुल विचारतात. त्यातून दिशाभूल करणारा समज होतो, पण ते खोटं नव्हे, असं उत्तर येतं. मग या दोन्हींत फरक काय? खोटं म्हणजे सरळसरळ असत्य, असं आर्मस्ट्राँग सांगतात. टर्नबुल लगेच विचारतात, मग दिशाभूल म्हणजे वाकवलेलं असत्य का? त्यावर आर्मस्ट्राँग म्हणतात, कुणीतरी म्हटलंय तसं, ती कदाचित सत्याच्या बाबतीतली काटकसर असेल.

‘कुणीतरी म्हटलंय तसं’ हे शब्द विसरू नका. अठराव्या शतकाच्या शेवटी एडमंड बर्कने ‘इकॉनॉमी ऑफ ट्रुथ’ ही शब्दयोजना केलेली होती. तिच्यात निंदा नव्हती. सत्य किती आणि केव्हा सांगावं याच्या संयमाबद्दल तो बोलत होता. सचिवांनी तो जुना, सभ्य अर्थ पुढे केला. ऐकणाऱ्यांना मात्र त्यात शपथेवर दिलेली कबुली ऐकू आली आणि तेव्हापासून शब्दाचा रंगच बदलला. आज इंग्रजीत कुणाला ‘इकॉनॉमिकल विथ द ट्रुथ’ म्हटलं, तर ‘तुम्ही शब्दशः खरं बोललात आणि तरी आम्हाला फसवलंत’ असा तो आरोप असतो. मराठीत मी हल्ली ‘अर्धंच सांगून दिशाभूल केली’ असं लिहिते. कोटी जाते, पण आरोप शाबूत राहतो.

दुसरं उदाहरण ‘मिस्टेक्स वेअर मेड’. याने मला सगळ्यात जास्त छळलं आहे. २७ जानेवारी १९८७ च्या वार्षिक भाषणात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन इराणला शस्त्रं विकण्याच्या प्रकरणाबद्दल म्हणाले की आम्हाला हवं होतं ते साध्य झालं नाही आणि ते करताना गंभीर चुका केल्या गेल्या. कुणी केल्या, हे वाक्यात नाही. इंग्रजी कानाला ही रचना लगेच खटकते, कारण तिथे माणूस साधारणपणे ‘मी चूक केली’ असंच म्हणतो. कर्ता गायब झाला की तो मुद्दाम काढलाय हे कळतं. मराठीत अडचण अशी की आपण प्रामाणिकपणे माफी मागतानाही ‘चूक झाली’ असंच म्हणतो. ‘माझ्याकडून चूक झाली’ ही आपली अगदी मनापासूनची कबुली. त्यामुळे ‘चुका झाल्या’ असं भाषांतर केलं की रेगन नम्रपणे माफी मागतायत असं वाटायला लागतं. मूळ वाक्यातली पळवाट मराठीत दिसतच नाही. म्हणून मी ‘चुका केल्या गेल्या’ असं अवघडलेलं वाक्य ठेवते. संपादक ते सरळ करायला बघतात, मी भांडते. ते अवघडलेपण मुळातच आहे.

याच्या शेजारी युलिसिस ग्रँट यांचा डिसेंबर १८७६ चा संदेश ठेवून बघा. राष्ट्राध्यक्षपदाच्या अखेरीस अमेरिकन काँग्रेसला लिहिताना त्यांनीही चुका झाल्याचं कर्मणी प्रयोगातच म्हटलं, पण पुढे जोडलं की त्या सर्वांना दिसतात आणि मी त्या मान्य करतो. रचना तीच, पण शेवटच्या दोन शब्दांत माणूस परत आला आहे.

तुमच्याकडचे वाक्प्रचार येऊ द्या. नुसता अर्थ नको. कोण बोलतंय, कुणाच्या नावावर बोलतंय आणि उद्या त्याला कोण धरू शकतं, हेही लिहा.

---

कोरा_कागद

वाचनखूण साठवली. ग्रँटचं माहीत नव्हतं. ‘फ्रॉम द हॉर्सेस माउथ’ यात बसतं का?

---

जुना_बातमीदार

धागा आवडला. बातमीच्या धंद्यातले शब्द मी टाकतो, कारण तिथे या वाक्प्रचारांवर खरोखर करार होतात.

‘ऑन द रेकॉर्ड’ म्हणजे नाव, हुद्दा, शब्द सगळं छापता येतं. ‘ऑफ द रेकॉर्ड’ म्हणजे छापायचंच नाही. असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थांनी या पायऱ्यांच्या व्याख्या लिहून ठेवल्या आहेत. मधल्या पायऱ्या वाचकाला कळत नाहीत, पण बातमी बहुतेकदा तिथूनच येते. ‘ऑन बॅकग्राउंड’ असेल तर माहिती छापता येते. बोलणाऱ्याचा उल्लेख कसा करायचा ते आधी ठरवून घ्यायचं, म्हणजे ‘मंत्रालयातील वरिष्ठ अधिकारी’ वगैरे. ‘डीप बॅकग्राउंड’ असेल तर माहिती वापरा, पण ती कुणाकडून आली याची सावलीही पडू देऊ नका. वॉटरगेटमध्ये, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या प्रकरणात, ‘वॉशिंग्टन पोस्ट’ला मदत करणारा माणूस याच अटीवर बोलत होता. तो एफबीआयचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी मार्क फेल्ट होता हे जगाला कळलं २००५ मध्ये, आणि तेही त्याने स्वतः सांगितलं तेव्हा.

नवीन मुलं एक गोष्ट हटकून चुकतात. बोलून झाल्यावर ‘हे ऑफ द रेकॉर्ड बरं का’ म्हणण्याला अर्थ नसतो. करार दोघांचा असतो आणि तो बोलण्याआधी व्हावा लागतो. मराठीत आपण ‘खासगीत सांगतो’ म्हणतो. त्यात विश्वास आहे, करार नाही. त्यामुळे ‘ऑफ द रेकॉर्ड’चं भाषांतर ‘खासगीत’ केलं तर बातमीदाराचं बंधनच नाहीसं होतं. मी ‘न छापण्याच्या अटीवर’ असं लिहायचो.

‘चॅटम हाउस रूल’बद्दलही असाच घोळ आहे. लोक त्याला ऑफ द रेकॉर्ड समजतात. हा नियम चॅटम हाउस या लंडनच्या आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या अभ्याससंस्थेने १९२७ मध्ये केला, पुढे १९९२ आणि २००२ मध्ये त्याची भाषा सुधारली. तो सांगतो की बैठकीत मिळालेली माहिती खुशाल वापरा, पण कोण बोललं, तो कुठल्या संस्थेचा, आणि बैठकीला आणखी कोण होतं, हे उघड करू नका. म्हणजे ऑफ द रेकॉर्डमध्ये माहितीला कुलूप असतं. इथे माहिती मोकळी, माणूस झाकलेला. आणि नियम एकच आहे, ‘रूल्स’ नव्हे.

‘नो कॉमेंट’बद्दल एक. फेब्रुवारी १९४६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ट्रूमन यांना भेटून आल्यावर चर्चिलना पत्रकारांनी गाठलं. ते म्हणाले की ‘नो कॉमेंट’ हा फार झकास शब्दप्रयोग आहे, मी तो पुन्हा पुन्हा वापरतोय, आणि तो मला सम्नर वेल्सकडून मिळाला. वेल्स अमेरिकन मुत्सद्दी. इतका सवयीचा झालेला शब्द तेव्हा चर्चिलसारख्या शब्दप्रभूला नवा आणि हवाहवासा वाटला होता.

---

शाईपेन

जुना_बातमीदार, ‘न छापण्याच्या अटीवर’ मी आजपासून उचलते. धन्यवाद.

कोरा_कागद, बसतं की. घोड्याच्या शर्यतीत कुठला घोडा जिंकेल याची खबर पैज लावणाऱ्यांना हवी असते. जॉकीने सांगितली तर चांगलीच, तबेल्यातल्या मोतद्दाराने सांगितली तर आणखी चांगली, आणि खुद्द घोड्यानेच सांगितली तर मग विचारायलाच नको. घोड्याचे दात बघून वय ओळखतात म्हणून हा वाक्प्रचार आला, असंही सांगतात. मला शर्यतीचा अर्थ जास्त पटतो, कारण त्यातच ‘खबर किती जवळून आली’ हा मुद्दा आहे. मराठीत ‘खुद्द त्यांच्याच तोंडून ऐकलं’ पुरेसं आहे. घोडा आणायची गरज नाही.

---

तळटीप

‘वी कॅन नाइदर कन्फर्म नॉर डिनाय’ कुणी आणलं नाही म्हणून मी आणतो. दुजोराही देत नाही, इन्कारही करत नाही. अमेरिकेत या उत्तराला चक्क ‘ग्लोमार रिस्पॉन्स’ असं नाव आहे, आणि ते नाव एका जहाजाचं आहे.

१९६८ मध्ये सोव्हिएत संघाची के-१२९ ही पाणबुडी पॅसिफिक महासागरात बुडाली. सुमारे ५ किलोमीटर खोल. सीआयएने तिला वर काढायला ‘ह्यूज ग्लोमार एक्सप्लोरर’ नावाचं जहाज बांधून घेतलं आणि जगाला सांगितलं की ते समुद्रतळावरची खनिजं गोळा करायला निघालं आहे. १९७४ मध्ये पाणबुडीचा काही भाग वर आला. १९७५ मध्ये बातमी फुटली. बातमी छापू नये म्हणून सीआयएने वर्तमानपत्रांना गळ घातली होती हेही बाहेर आलं. तेव्हा हॅरिएट फिलिपी या पत्रकार महिलेने माहितीच्या कायद्याखाली त्या गळ घालण्याची कागदपत्रं मागितली. सीआयएने उत्तर दिलं की अशी कागदपत्रं आहेत की नाहीत, हे आम्ही सांगू शकत नाही.

इथे जरा थांबा. ‘कागद आहेत पण देणार नाही’ असं ते म्हणाले नाहीत. ‘कागद नाहीत’ असंही नाही. कागद आहेत की नाहीत हेच गुपित, असं ते म्हणाले. तोवर सगळी वर्तमानपत्रं त्या जहाजाबद्दल लिहून मोकळी झाली होती. खटला १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेला आणि तेव्हापासून अशा उत्तराला ग्लोमार म्हणतात.

जून २०१४ मध्ये सीआयएने ट्विटरवर खातं उघडलं तेव्हा पहिलं वाक्य होतं : हे आमचं पहिलं ट्विट आहे याला आम्ही दुजोराही देऊ शकत नाही आणि इन्कारही करू शकत नाही. लोकांना फार आवडलं. मला आवडलं नाही. ज्या वाक्याने नागरिकांच्या अर्जांना वाटेला लावलं जातं, ते गमतीला वापरू नये असं मला वाटतं.

---

मधली_वाट

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. धाग्याचा सूर असा आहे की हे सगळे वाक्प्रचार म्हणजे पळवाटा. नेहमी तसं नसतं.

समजा, एखादं सरकार खोट्या आरोपाचा ठामपणे इन्कार करतं आणि खऱ्याबद्दल गप्प बसतं. दोनचारदा असं झालं की त्याचं गप्प बसणं हीच कबुली ठरते. म्हणून ‘दुजोरा नाही, इन्कार नाही’ हे उत्तर खऱ्यालाही द्यावं लागतं आणि खोट्यालाही. जहाजांवर अण्वस्त्रं आहेत की नाहीत यावर अमेरिकन नौदलाचं धोरण अनेक दशकं हेच होतं. त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९८५ मध्ये न्यूझीलंडने ‘बुकॅनन’ या युद्धनौकेला बंदरात येऊ दिलं नाही, कारण अण्वस्त्रं नाहीत असं सांगायला अमेरिका तयार नव्हती. मित्रदेशाशी वाकडं आलं, पण त्या एका नौकेसाठी वाक्य बदललं नाही. यात बेजबाबदारपणा कुठे आहे? आणि डॉक्टर, वकील, चौकशी अधिकारी यांना तर ‘नो कॉमेंट’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं.

---

शाईपेन

मधली_वाट, मुद्दा रास्त आहे. ‘मी सांगणार नाही’ असं स्वच्छ म्हणणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. तो निदान स्वतःच्या नावाने गप्प बसतो, आणि उद्या त्याला विचारता येतं की गप्प का बसलात. ‘मिस्टेक्स वेअर मेड’ची गोष्ट निराळी आहे. तिथे बोलल्याचं श्रेय घ्यायचं आणि केल्याचं टाळायचं असतं. ग्लोमार मला या दोहोंच्या मध्ये दिसतं. नौदलाच्या तोंडी ते धोरण आहे, पण वर्तमानपत्रांना गळ घातल्याच्या कागदांबद्दल तेच वाक्य आलं तेव्हा ते चुकीच्या जागी होतं.

निक्सन यांचे प्रवक्ते रॉन झीग्लर यांचं एप्रिल १९७३ मधलं उत्तर मात्र मला कुठल्याच बाजूने पटवून घेता येत नाही. वॉटरगेटबद्दल आधी दिलेली निवेदनं आणि आताचं निवेदन जुळत नाही, असं विचारल्यावर ते म्हणाले की हे निवेदन लागू आहे, आधीची ‘इनऑपरेटिव्ह’ आहेत. म्हणजे निवेदन खरं की खोटं हा प्रश्नच नाही. ते फक्त लागू असतं किंवा नसतं. नियमाच्या परिपत्रकाला शोभणारा शब्द वस्तुस्थितीला लावला.

---

साक्षीपुरावा

‘सगळ्यांना माहीत आहे’ या बाजूबद्दल लिहितो, कारण न्यायालयांना याचा रोज निकाल लावावा लागतो.

इंग्रजीत दोन वाक्प्रचार शेजारी शेजारी राहतात : ‘मॅटर ऑफ कॉमन नॉलेज’ आणि ‘मॅटर ऑफ रेकॉर्ड’. भाषांतरात दोन्ही ‘सर्वज्ञात बाब’ होतात. हे चूक आहे. ‘मॅटर ऑफ रेकॉर्ड’ म्हणणारा माणूस सांगतो की हे दप्तरी नोंदलेलं आहे, जा आणि काढून बघा. तो स्वतःला तपासायला देतो. ‘कॉमन नॉलेज’ म्हणणारा सांगतो की तपासायची गरजच नाही. वादात दुसरा प्रकार ऐकला की मी कान टवकारतो.

कायद्यालाही हा धोका कळतो. पुराव्याशिवाय एखादी गोष्ट न्यायालयाने मान्य करण्याला ‘ज्युडिशियल नोटिस’ म्हणतात. अमेरिकेच्या संघीय पुरावा नियमांतला नियम २०१ सांगतो की वाजवी वाद होऊच शकत नाही अशीच गोष्ट चालेल : एकतर ती त्या न्यायालयाच्या हद्दीत सगळ्यांना माहीत हवी, नाहीतर जिच्या अचूकतेवर वाजवी शंका घेता येत नाही अशा साधनातून लगेच पडताळता यायला हवी. न्यायाधीशाला स्वतःला माहीत असणं पुरत नाही. आपल्याकडे ‘हातच्या काकणाला आरसा कशाला’ म्हणतात ते इथे चालतं, पण काकण खरंच हातात आहे हे आधी दिसावं लागतं.

‘फॅक्ट्स आर स्टबर्न थिंग्ज’ हे जॉन ॲडम्सच्या तोंडी गाजलं तेही न्यायालयातच. मार्च १७७० मध्ये बॉस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात माणसं मेली. गावाला ‘काय झालं ते माहीतच’ होतं. ॲडम्सने लोकांचा रोष पत्करून सैनिकांचं वकीलपत्र घेतलं आणि डिसेंबरमध्ये ज्यूरीला सांगितलं की वस्तुस्थिती हट्टी असते. आपल्या इच्छा, कल, भावना काहीही म्हणोत, तिला आणि पुराव्याला बदलता येत नाही. ८ सैनिकांपैकी ६ निर्दोष सुटले, दोघे मनुष्यवधाचे दोषी ठरले. वाक्य त्याच्याही आधीपासून प्रचारात होतं, पण ते ‘सगळ्यांना माहीत आहे’ याच्या विरोधात वापरलं गेलं हे मला मोलाचं वाटतं. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या शपथविधीच्या गर्दीवरून वाद पेटला आणि त्यांच्या सल्लागार केलीॲन कॉनवे ‘ऑल्टरनेटिव्ह फॅक्ट्स’ म्हणाल्या, तेव्हा मला आधी हेच आठवलं.

आणखी एक, कारण त्यात अधिकृत निवेदन अक्षरशः मोठ्याने वाचलं जायचं : ‘रीड द रायट ॲक्ट’. आज अर्थ एवढाच की चांगलं खडसावलं, तंबी दिली. मूळ कायदा ब्रिटनमध्ये १७१५ मध्ये लागू झाला. १२ किंवा जास्त लोक दंगा करायला जमले की दंडाधिकाऱ्याने पुढे होऊन राजाच्या नावाने ठरलेला मजकूर वाचायचा. वाचल्यावर तासाभरात जे पांगले नाहीत त्यांना मृत्युदंडापर्यंत शिक्षा. मजकूर ‘गॉड सेव्ह द किंग’ने संपत असे. १८३० च्या एका खटल्यात आरोपींवरचा हा आरोप टिकला नाही, कारण दंडाधिकाऱ्याने हे शेवटचे शब्दच वाचले नव्हते. अधिकृत बोलणं म्हणजे काय ते इथे दिसतं. समोरच्या जमावाला मतलब पूर्ण कळला होता, तरी शब्द पुरे झाले नाहीत म्हणून कायद्याच्या दृष्टीने ते बोलणं झालंच नाही.

---

कोरा_कागद

हे ‘गॉड सेव्ह द किंग’चं भन्नाट आहे. जीव वाचला म्हणायचा.

---

पोथीवाचक

मराठीतली भर.

‘नरो वा कुंजरो वा’ कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. द्रोणाला ऐकवायचं होतं की अश्वत्थामा मेला. मेला होता त्या नावाचा हत्ती. युधिष्ठिर खोटं बोलत नाही ही त्याची ख्याती, म्हणून वाक्य त्याच्याच तोंडून हवं होतं. ‘हत्ती’ हा शब्द त्याने अस्पष्ट उच्चारला. शब्द खरे, समज खोटा. आर्मस्ट्राँगने पिंजऱ्यात केलेला भेद हाच. युधिष्ठिराचा रथ जमिनीच्या चार अंगुळं वरून चालायचा, तो त्या क्षणी खाली टेकला, असं महाभारत सांगतं. म्हणजे आपल्या परंपरेने या ‘वाकवलेल्या असत्या’चा निकाल फार पूर्वीच दिलेला आहे.

पण भाषांतरात सावध राहा. आज मराठीत ‘नरो वा कुंजरो वा भूमिका घेतली’ म्हणजे ‘धड हो नाही, धड नाही नाही’ असा अर्थ झालाय. फसवणुकीचा अंश गेला, संदिग्धता राहिली. त्यामुळे ‘इकॉनॉमिकल विथ द ट्रुथ’ला ते चालणार नाही, टोलवाटोलवी करणाऱ्या पत्रकाला चालेल.

बाकी झटपट. ‘मम्स द वर्ड’ला अळीमिळी गुपचिळी. ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ला बिंग फुटणं. ‘इट गोज विदाउट सेइंग’ हे इंग्रजीने फ्रेंचवरून उचललं. आपल्याकडे ‘सांगणे न लगे’ आधीच आहे, आणि जुन्या पत्रांच्या शेवटी ‘बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा’ येतं ते याच जातीचं. ‘ऑफिशियल झालं’ याला ‘शिक्कामोर्तब झालं’ इतका नेमका शब्द असताना ‘अधिकृतरीत्या घोषित करण्यात आलं’ कशाला लिहायचं? त्यात शिक्का आहे, मोर्तब आहे, म्हणजे जबाबदारी घेणारा हातही आहे.

‘एलिफंट इन द रूम’, म्हणजे सगळ्यांना दिसणारा पण कुणीच न काढणारा विषय, याला मात्र मला मराठी सापडलेलं नाही. ‘खोलीतला हत्ती’ वाचवत नाही.

---

दोन_अधिक_दोन

सगळ्यांना माहीत असणं आणि सगळ्यांना माहीत आहे हे सगळ्यांना माहीत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांनी १९६९ मध्ये आणि गणिती रॉबर्ट ऑमन यांनी १९७६ मध्ये ‘कॉमन नॉलेज’ला नेमका असा अर्थ दिला. मला माहीत आहे. तुला माहीत आहे. तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. मला ते माहीत आहे हे तुला माहीत आहे. आणि असंच पुढे, न संपता.

नागड्या राजाची गोष्ट आठवा. राजा नागडा आहे हे प्रत्येकाला दिसत होतंच. पोराने ओरडून एकही नवी गोष्ट सांगितली नाही. पण तो ओरडेपर्यंत प्रत्येकाला वाटत होतं की कदाचित फक्त मलाच दिसतंय. ओरडल्यावर, इतरांनाही दिसतंय हे प्रत्येकाला कळलं, आणि आता कुणालाच न दिसल्याचं सोंग करता येईना. शाईपेन यांचा एमआय सिक्सचा मुद्दा मी असा वाचतो. १९९२ मध्ये संसदेत जे बोललं गेलं त्यात माहिती काहीच नव्हती. तरी फरक पडला, कारण त्यानंतर संसदेत त्या खात्याच्या कायद्याबद्दल उघड प्रश्न विचारता यायला लागले. आधी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला समोर अधिकृतपणे कुणी नव्हतंच.

‘एलिफंट इन द रूम’ही इथेच बसतो. तो दिसत नाही म्हणून लोक गप्प नसतात. मी बोललो तर पुढचं मलाच निस्तरावं लागेल, या भीतीने गप्प असतात.

---

शाईपेन

दोन_अधिक_दोन, मला नीट शब्दांत पकडता येत नव्हतं ते तुम्ही पकडलंत. यावरून ओपन सीक्रेट आणि खोलीतला हत्ती यांतला फरकही सुचला. ओपन सीक्रेटबद्दल लोक आपसांत भरपूर बोलतात, फक्त अधिकारपदावरचा माणूस बोलत नाही. हत्तीबद्दल त्या खोलीत कुणीच बोलत नाही. पहिल्याला मराठीत ‘सगळ्यांना ठाऊक, पण कुणी मान्य न केलेलं’ असं मी लिहीन. दुसऱ्याला ‘ज्याच्याबद्दल सगळे गप्प होते तो मूळ प्रश्न’. लांब आहेत, पण हत्तीपेक्षा बरे. पोथीवाचक, चालेल का?

---

पोथीवाचक

‘ज्या प्रश्नावर सगळ्यांचीच अळीमिळी होती’ असं केलं तर?

---

शाईपेन

वा! घेतलं.

---

नवी_पाटी

उशिरा आले. एकच शंका : कार्यालयात सगळे ‘टो द पार्टी लाइन’ लिहितात, कुणी ओढण्याचं ‘टो’ लिहितं, कुणी पायाच्या बोटाचं. बरोबर कुठलं?

---

जुना_बातमीदार

पायाच्या बोटाचं. जमिनीवर आखलेल्या रेघेला पायाची बोटं टेकवून रांगेत उभं राहायचं, शर्यतीच्या सुरुवातीला राहतात तसं. नंतर अर्थ झाला आखून दिलेल्या भूमिकेबाहेर पाऊल न टाकणं. दोरीने ओढायचा इथे काही संबंध नाही, पण ‘पार्टी लाइन’मधली ‘लाइन’ दोरी वाटते म्हणून लोक चुकतात. मराठीत ‘पक्षाच्या भूमिकेची री ओढली’ असं लिहा. मात्र री ओढणारा निदान बोलतो तरी. नुसता मुकाट्याने रांगेत उभा असलेल्यासाठी ‘पक्षाने आखलेली रेघ ओलांडली नाही’ हे जास्त जवळचं.